रात्री दोन वाजता रेकॉर्डर का ओरडतो?

प्रश्न : नमस्कार सर. घरी आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डर आहे, बसवल्यापासून काही त्रास नव्हता, पण आता महिनाभर झाला, रात्री-अपरात्री तो बीप बीप करत सुटतो आणि स्क्रीनवर 'इल्लीगल लॉगिन' येतं. लॉग उघडला तर नुसती रांग लागलीये. दर वेळी आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, वेगळा, आणि नावं तरी काय, अ‍ॅडमिन तर आहेच पण रूट, सपोर्ट, गेस्ट, सर्व्हिस, एकदा तर नुसतं ८८८८८८. यातलं अ‍ॅडमिन सोडून एकही युजर आमच्याकडे नाही. मी रोज बसून एकेक आयपी ब्लॉक करतो, सकाळी नवीन हजर. पासवर्डही बदलून झाला. कॅमेरे बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणतो बझर बंद करून टाका, सगळ्यांनाच येतं. आई दिवसभर घरी एकटी असते त्यामुळे ऑफिसमधून मोबाईलवर कॅमेरे दिसायलाच हवेत, नेट काढून टाका असं कृपया सांगू नका. कुणी मुद्दाम आमच्या मागे लागलंय का?
— एक वाचक

उत्तर : मुद्दाम कुणी मागे लागलेलं नाहीये, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे आज झोप तरी लागेल. पण 'सगळ्यांनाच येतं' हे मात्र अर्धंच खरं. सगळ्यांना नाही येत. ज्यांचा रेकॉर्डर बाहेरच्या इंटरनेटवरून थेट दिसतो त्यांनाच येतं, आणि तुमचा दिसतोय. बीप, लॉग, ब्लॉक लिस्ट हे सगळं नंतर, मूळ दुखणं एवढंच आहे.

आता तुमचा पत्ता त्यांना मिळाला कसा, तर कुणी शोधलाच नाही. इंटरनेटचे आयपीव्ही४ पत्ते एकूण साधारण ४३० कोटी. आकडा मोठा वाटतो ना, पण २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी झेडमॅप नावाचं टूल काढलं, आणि त्याने एकच कॉम्प्युटर चांगल्या फास्ट लाइनवरून हे झाडून सगळे पत्ते, एका पोर्टसाठी (पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरचं नंबर असलेलं एक दार), पाऊण तासाच्या आत तपासू शकतो. शिवाय शोडान नावाचं सर्च इंजिन २००९ पासून हेच करतंय, कुठल्या पत्त्यावर कुठलं उपकरण उत्तर देतं त्याची यादीच करून ठेवतंय, त्यात राउटर, प्रिंटर, कॅमेरे, रेकॉर्डर सगळं. गल्लीतल्या प्रत्येक दाराची कडी हलवून बघत पुढे जाणारा माणूस असतो ना, तसला प्रकार, फक्त इथे माणूस नाही, प्रोग्राम आहे, त्यामुळे तो दमत नाही आणि रात्र-दिवस बघत नाही. राउटर रीस्टार्ट करून नवीन आयपी घेतला तरी तासाभरात पुन्हा सुरू होतं ते यामुळेच.

तुमच्या लॉगमधली नावंच सगळं सांगतायत. २०१६ मध्ये मिराई नावाचा एक बॉट, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्राम, आला होता. तो काय करायचा, तर नेटवर उघडी पडलेली उपकरणं शोधायची आणि कंपनीतून निघताना घातलेली युजरनेम-पासवर्डची साठेक जोड्यांची यादी एकामागून एक लावून बघायची. रूट, अ‍ॅडमिन, सपोर्ट, गेस्ट, सर्व्हिस, टेक, ६६६६६६, ८८८८८८, हे सगळं त्या यादीत होतं. एवढ्या बाळबोध युक्तीवर त्याने लाखो डीव्हीआर, कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्याच जोरावर डाइन नावाच्या कंपनीवर हल्ला झाला, ती कंपनी वेबसाइटची नावं पत्त्यांशी जुळवून द्यायचं काम करायची, त्यामुळे ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट असल्या साइट काही तास कित्येकांना उघडेनात. बनवणारे तिघं तरुण पोरं निघाले, २०१७ मध्ये त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. पण त्याआधीच मिराईचा सोर्स कोड उघड्यावर टाकून झाला होता, मग काय, त्याची पिलावळ आजपर्यंत फिरतेय. तुमच्या डीव्हीआरमध्ये घरच्यांचं रेकॉर्डिंग आहे याच्याशी त्यातल्या बहुतेकांना काही देणंघेणं नसतं, त्यांना तुमचा प्रोसेसर आणि तुमची नेटची लाइन हवी असते. (अर्थात सगळेच इतके निरुपद्रवी नसतात, मिळालेले कॅमेऱ्यांचे लॉगिन विकणारेही असतात, म्हणून 'आमच्या घरात बघण्यासारखं काय आहे' असं म्हणून सोडून देऊ नका.)

म्हणूनच आयपी ब्लॉक करत बसणं आजपासून थांबवा, खरंच, काही उपयोग नाही त्याचा. जो आयपी तुम्ही ब्लॉक केलात तो बहुतेक वेळा दुसऱ्याच एखाद्या बिचाऱ्याचा हॅक झालेला डीव्हीआर किंवा राउटर असतो. असे लाखो आहेत. आणि अमुक देशाचा आयपी दिसला म्हणून हल्ला त्या देशातून झाला असंही समजू नका. उलटी यादी मात्र कामाची, म्हणजे 'फक्त या पत्त्यांनाच येऊ द्या' अशी व्हाइट लिस्ट, बऱ्याच रेकॉर्डरमध्ये आयपी फिल्टर नावाने असते, पण मोबाईल डेटाचा आयपी सारखा बदलतो त्यामुळे ऑफिसमधून बघणाऱ्याला ती झेपत नाही, आणि चुकीचा पत्ता टाकून सेव्ह केलंत तर नेटवर्कवरून तुम्हीच बाहेर, मग घरी येऊन माऊस लावून टीव्हीसमोर बसा.

आता जे खरं सांगायचंय ते. लॉगमध्ये ज्या ओळी बघून तुम्ही घाबरलात त्या सगळ्या फसलेल्या प्रयत्नांच्या आहेत. पासवर्ड चुकला म्हणून ओळ उमटली. लॉक लागला, बझर वाजला, म्हणजे यंत्रणेने तिचं काम केलं. भीती आहे ती जी ओळ उमटतच नाही तिची. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये हिकव्हिजनच्या बऱ्याच मॉडेल्समधली एक त्रुटी बाहेर आली, सीव्हीई-२०२१-३६२६० असा तिचा नंबर, तिच्यात युजरनेम लागत नव्हतं, पासवर्ड लागत नव्हता, फक्त त्या उपकरणाच्या वेब पोर्टपर्यंत पोचता आलं की पूर्ण ताबा मिळायचा, आणि ज्याने ती शोधली त्यानेच लिहून ठेवलंय की कॅमेऱ्याच्या लॉगमध्ये याची काही नोंद होत नाही. त्याआधी २०१७ मध्ये त्याच कंपनीच्या काही कॅमेऱ्यांत वेब पत्त्याला ठराविक अक्षरं जोडली की लॉगिनच टळायचं. दाहुआच्या उपकरणांतही २०२१ मध्ये लॉगिन चुकवून आत जायची त्रुटी निघाली होती. या सगळ्यांसाठी कंपन्यांनी नवीन फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) काढलं, ते ठीक, पण घरोघरी भिंतीवर लावलेल्या रेकॉर्डरमध्ये ते टाकलं कुणी? म्हणजे पासवर्ड तुम्ही कितीही अवघड ठेवा, असल्या वेळी तो विचारलाच जात नाही. तिथे उपयोगी पडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे बाहेरून त्या पोर्टपर्यंत कुणाला पोचताच येऊ नये.

तर आता राउटर उघडा. त्यात पोर्ट फॉरवर्डिंग किंवा व्हर्च्युअल सर्व्हर नावाचं पान असतं. तिथे तुमच्या रेकॉर्डरच्या आयपीसमोर ८०, ४४३, ५५४, ८००० किंवा ३७७७७ यातले आकडे दिसतील, बसवणाऱ्याने मोबाईलवर कॅमेरे चटकन दिसावेत म्हणून टाकलेले. ८० आणि ४४३ म्हणजे ब्राउझरचे, ५५४ व्हिडिओ स्ट्रीमचा, ८००० हिकव्हिजनवाल्यांचा आणि ३७७७७ दाहुआवाल्यांचा, अ‍ॅप यांच्यावरूनच बोलतं. सगळे काढून टाका. मग डीएमझेड नावाचं पान बघा, काही महाभाग पोर्ट एकेक टाकायचा कंटाळा येतो म्हणून रेकॉर्डर सरळ डीएमझेडमध्ये टाकून मोकळे होतात, म्हणजे सगळेच्या सगळे पोर्ट उघडे. ते बंद करा. मग यूपीएनपी, हा सगळ्यात लबाड, कारण यात रेकॉर्डर आपणहून राउटरला सांगतो की माझ्यासाठी अमुक पोर्ट उघड आणि राउटर निमूटपणे उघडतो, तुम्हाला फॉरवर्डिंगच्या पानावर काहीच दिसत नाही. राउटरमध्येही बंद करा, रेकॉर्डरच्या नेटवर्क सेटिंगमध्येही बंद करा आणि राउटर एकदा रीस्टार्ट करा, कारण आधी उघडलेले पोर्ट कधीकधी तसेच राहतात. हातासरशी राउटरचं स्वतःचं रिमोट मॅनेजमेंट चालू असेल तर तेही घालवा.

अजून एक जागा राहते जी लोकांच्या ध्यानातच येत नाही, ती आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत. आयपीव्ही४ मध्ये घरातलं उपकरण राउटरच्या मागे आपोआप झाकलं जातं, आयपीव्ही६ मध्ये मात्र रेकॉर्डरला स्वतःचाच जगभर चालणारा पत्ता मिळू शकतो, आणि राउटरचं आयपीव्ही६ फायरवॉल बंद असेल तर तुम्ही केलेलं सगळं बाजूला राहतं. घरातल्या रेकॉर्डरला आयपीव्ही६ ची काही गरज नसते, बंद करून टाका.

झालं की तपासा. मोबाईलचं वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावरून, ब्राउझरमध्ये घरचा पब्लिक आयपी टाका (राउटरच्या स्टेटस पानावर डब्ल्यूएएन आयपी म्हणून असतो), पुढे कोलन देऊन आधीचा पोर्ट नंबर. रेकॉर्डरचं लॉगिन पान आलं तर काहीतरी राहिलंय. काहीच न येता गोल गोल फिरून एरर आली तरी ८००० आणि ३७७७७ साठी तेवढ्यावर खूश होऊ नका, ते ब्राउझरला उत्तर देत नाहीत, त्यांच्यासाठी ऑनलाइन पोर्ट चेकर वापरा, 'क्लोज्ड' असं उत्तर यायला हवं.

आता आईंचं. ऑफिसमधून बघायला दोन सरळ रस्ते आहेत. एक व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येणारा खासगी, कुलूपबंद रस्ता. बऱ्याच नव्या राउटरमध्ये व्हीपीएन सर्व्हर असतोच, वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन, तो चालू करायचा, मोबाईलवर त्याचं अ‍ॅप टाकायचं, राउटरने दिलेला क्यूआर कोड स्कॅन करायचा (ओपनव्हीपीएन असेल तर राउटरने दिलेली फाइल टाकायची) की झालं. व्हीपीएन जोडलं की तुमचा मोबाईल घरातल्याच वाय-फायवर असल्यासारखा होतो आणि कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये तुम्ही रेकॉर्डरचा घरातला पत्ता टाकता, १९२.१६८ ने सुरू होणारा. यातही एक पोर्ट उघडा राहतो हे खरं, पण वायरगार्डची खुबी अशी की योग्य किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही, 'चूक' असंही म्हणत नाही, स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. मला विचाराल तर मी हाच रस्ता घेईन. राउटरला खरा पब्लिक आयपी नसेल, म्हणजे स्टेटस पानावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर प्रोव्हायडरने तुम्हाला सामायिक आयपीवर ठेवलंय, मग बाहेरून आत येता येत नाही, तिथे टेलस्केलसारखी सेवा चालते, फक्त घरात एक छोटं कायम चालू असणारं उपकरण लागतं. दुसरा रस्ता कंपनीचं क्लाउड, त्यावर पुढे एका प्रश्नात आलंच आहे.

आत कुणी शिरून गेलंय का, हेही एकदा बघून घ्या. युजर लिस्टमध्ये अनोळखी नाव, कॅमेऱ्याच्या नावाच्या जागी भलतंच काही लिहिलेलं, लॉगच अचानक कोरा, तारखेची पद्धत किंवा भाषा आपोआप बदललेली, रात्री राउटरवर अपलोड खूप जास्त, यातलं काही दिसलं तर संशय घ्या. आणि मग क्रम महत्त्वाचा. आधी पोर्ट बंद, मग रेकॉर्डर रीस्टार्ट, मग फर्मवेअर, मग फॅक्टरी रीसेट, आणि नवा पासवर्ड सगळ्यात शेवटी. मिराई जातीचे बॉट मेमरीत बसतात, रीस्टार्टने जातात, पण पोर्ट उघडाच असेल तर काही मिनिटांत परत येऊन बसतात, म्हणून उलट क्रमाने केलेलं सगळं वाया. फर्मवेअर टाकताना मॉडेल नंबर मागच्या स्टिकरवरून अक्षरन्‌अक्षर जुळवा, सारख्या दिसणाऱ्या दोन मॉडेलचं फर्मवेअर वेगळं असतं आणि चुकीचं टाकलं की रेकॉर्डरचं खोकं होतं. टाकताना लाइट जाऊ नये एवढं बघा.

पासवर्डचं थोडक्यात. बऱ्याच रेकॉर्डरमध्ये १६ अक्षरांचीच मर्यादा असते, तेवढी पूर्ण वापरा आणि तो दुसरीकडे कुठेही नको. मोबाईलसाठी वेगळा युजर बनवा ज्याला फक्त लाइव्ह आणि प्लेबॅक दिसेल, सेटिंग बदलता येणार नाही. अ‍ॅडमिन फक्त घरी बसून वापरायचा. आणि बसवणाऱ्याचं त्याच्या मोबाईलमधलं लॉगिन अजून चालू असेल तर काढा, त्यात त्याला वाईट वाटायचं काही कारण नाही.

राहता राहिला बझर. तो बंद नका करू. पोर्ट बंद झाल्यावर तो आपोआप गप्प बसेल, आणि त्यानंतर कधी वाजलाच तर त्याला अर्थ असेल, कारण तेव्हा प्रयत्न घराच्या आतून होत असेल. आईंची झोपमोड होत असेल तर आवाजाऐवजी ईमेल लावा, फक्त त्यासाठी नेहमीचा ईमेल न देता एक वेगळा खास बनवा, कारण त्याचा पासवर्ड रेकॉर्डरमध्ये साठवून राहतो.

प्रश्न : आमच्या माणसाने ८००० चा पोर्ट बदलून ४८ हजार की काहीतरी केला आणि म्हणाला आता हॅकरचा बाप पण येणार नाही. खरंच कमी झालेत प्रयत्न, जवळजवळ बंदच. मग व्हीपीएनच्या भानगडीत कशाला पडायचं?
— एक वाचक

उत्तर : बाप आला नसेल, पण पोरं येतील. पोर्ट एकूण ६५,५३५ असतात आणि फुटकळ बॉट ठराविक चारपाच पोर्टच बघतात, त्यामुळे आवाज कमी होतो हे अगदी बरोबर, आणि लॉग वाचायला सोपा होतो हाही फायदाच. पण शोडानसारखे स्कॅनर आडवळणाचे पोर्टही तपासतात, आणि तिथे पोचल्यावर तुमचा रेकॉर्डर स्वतःच सांगतो मी कोण, कुठल्या कंपनीचा. एकदा यादीत नाव गेलं की वर सांगितलेली बिनपासवर्डची त्रुटी ४८ हजारावरही तितकीच चालते. माझ्या मते आता तर जास्त वाईट झालंय, कारण आधी तुम्हाला काहीतरी गडबड आहे हे कळत तरी होतं.

प्रश्न : सर माझा प्रॉब्लेम उलटा आहे. पोर्ट फॉरवर्डिंग नाही, यूपीएनपी बंद, सगळं तपासून घेतलंय, तरी दर काही मिनिटांनी इल्लीगल लॉगिन, आणि आयपी १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे आमच्याच घरातला ना? घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि कॉलेजला जाणारा दीर. एकमेकांकडे संशयाने बघायची वेळ आलीये.
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, दिराला सोडा आधी. वेळ बघा, 'दर काही मिनिटांनी' म्हणताय. माणूस असं घड्याळ लावून पासवर्ड चुकवत नाही, हे एखादं उपकरण आहे ज्याला जुना पासवर्ड आठवतोय. तुम्ही अलीकडे रेकॉर्डरचा पासवर्ड बदललात का? मग घरात कुठेतरी एखादा जुना टॅब, टीव्हीवरचं कॅमेऱ्याचं अ‍ॅप किंवा लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर असणार, ज्यात तो साठवलेला आहे, आणि ते बिचारं इमानेइतबारे पुन्हा पुन्हा प्रयत्न करतंय. राउटरमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते, लॉगमधला शेवटचा आकडा तिथे शोधा, बहुतेक वेळा उपकरणाचं नावच समोर दिसतं. नाव नसेल तर एकेकाचं वाय-फाय बंद करत जा, ज्याचं बंद केल्यावर बीप थांबला तोच चोर.

असाच घोळ आयपी कॅमेरे आणि एनव्हीआर (नेटवर्कवरून कॅमेरे जोडणारा रेकॉर्डर) असलेल्यांकडे उलट्या बाजूने होतो. कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला पण एनव्हीआरमध्ये जुनाच राहिला, मग एनव्हीआर कॅमेऱ्याचं दार वाजवत बसतो, आणि काही चुकीच्या प्रयत्नांनंतर कॅमेरा त्यालाच लॉक करतो. चित्र काळं, सगळे म्हणतात कॅमेरा गेला. कॅमेरा ठणठणीत असतो. एनव्हीआरमध्ये नवा पासवर्ड टाका, लॉकची वेळ संपू द्या, नाहीतर कॅमेऱ्याची वायर काढून लावा.

अ‍ॅन्टिव्हायरसमध्ये कधीकधी 'घरातलं नेटवर्क तपासा' असली सोय असते, तीही सोपे पासवर्ड लावून बघते, त्यानेही अशा ओळी येतात. हे सगळं तपासून झालं आणि तरी ते उपकरण ओळखू येत नसेल, किंवा लॉगमध्ये तुमच्या माहितीची नावं न येता ती रूट, सपोर्टवाली यादी येत असेल, तर मात्र घरातलंच काहीतरी बाधित झालंय असं समजा, स्वस्तातला स्मार्ट प्लग, टीव्ही बॉक्स असलं काहीतरी. ते नेटवर्कमधून काढा आणि कॅमेऱ्यांचं सगळं सामान वेगळ्या गेस्ट नेटवर्कवर किंवा वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच नेटवर्कचा वेगळा पाडलेला भाग) ठेवता येतं का बघा. दिराला घरातल्या नेटवर्कचं काम द्या, कॉलेजची पोरं हे आवडीने करतात.

प्रश्न : डीव्हीआर फार जुना आहे, कंपनीच्या साइटवर त्याचं शेवटचं फर्मवेअर कित्येक वर्षांपूर्वीचं. सध्या क्यूआर कोड स्कॅन करून कंपनीच्या अ‍ॅपमधूनच बघतो, पोर्ट काही उघडलेला नाही. हे सुरक्षित म्हणायचं का?
— एक वाचक

उत्तर : उघड्या पोर्टपेक्षा नक्कीच बरं. यात रेकॉर्डर स्वतः बाहेर कंपनीच्या सर्व्हरशी जोडून घेतो, अ‍ॅपही तिथेच जातं, दोघांची गाठ तिथे पडते, त्यामुळे रस्त्यावरच्या स्कॅनरला तुमच्या आयपीवर काही सापडत नाही. पण मग तुमचा सगळा भरवसा त्या सर्व्हरवर आणि त्या अ‍ॅपच्या अकाउंटवर आला. २०१९ मध्ये आयलिंकपीटूपी नावाच्या अशाच एका यंत्रणेत मोठी भोकं सापडली होती, ती अनेक स्वस्त ब्रँडच्या कॅमेऱ्यांत आतून बसवलेली होती, त्यात उपकरणांचे नंबर अंदाजाने काढता येत होते आणि वीस लाखांवर उपकरणं उघडी पडली होती. आणि मार्च २०२१ मध्ये व्हर्काडा या क्लाउड कॅमेऱ्यांच्या कंपनीचं एक सर्वोच्च अधिकाराचं लॉगिन इंटरनेटवर उघडं सापडलं, त्यातून सुमारे दीड लाख कॅमेरे परक्यांना दिसले, ग्राहकांची स्वतःची काही चूक नसताना.

म्हणून वापरायचंच तर अ‍ॅपच्या अकाउंटला वेगळा पासवर्ड आणि टू-फॅक्टर लावा, स्ट्रीम एन्क्रिप्शन असेल तर चालू ठेवा, शेअरिंगची यादी उघडून कुणाकुणाला दिलंय ते बघा (घर सोडून गेलेले भाडेकरू अजून दिसतात त्यात), आणि रेकॉर्डरवरच्या स्टिकरचा फोटो मदत मागताना कुठल्या ग्रुपवर टाकू नका, सिरियल नंबर आणि व्हेरिफिकेशन कोड दोन्ही त्याच्यावरच असतात.

पण ज्या डीव्हीआरला आता कधीच अपडेट येणार नाही त्याला मी बाहेरच सोडणार नाही. राउटरमध्ये त्या एका उपकरणाचं इंटरनेट बंद करायची सोय असते, पॅरेंटल कंट्रोलच्या पानावर बहुधा, ती लावा आणि बघायचं असेल तेव्हा व्हीपीएनने घरात येऊन बघा. काहीजण त्यासाठी रेकॉर्डरमधला गेटवे (बाहेर जायचा रस्ता, म्हणजे राउटरचा पत्ता) रिकामा ठेवतात किंवा खोटा पत्ता टाकतात, त्याने बाहेर जाणं खुंटतं खरं, पण मग बऱ्याच राउटरवर व्हीपीएनमधूनही दिसत नाही, कारण व्हीपीएनचे पत्ते वेगळ्या गटातले असतात आणि उत्तर परत कुठे पाठवायचं हे रेकॉर्डरला कळत नाही. राउटरमधूनच बंद केलेलं चांगलं.

प्रश्न : तुमच्यासारखंच एकाने सांगितलं म्हणून रेकॉर्डरचं नेट पूर्ण तोडलं. आता घड्याळ मागे पडतंय, चारपाच मिनिटांचा फरक आलाय. चालतं का?
— एक वाचक

उत्तर : नाही चालत. उद्या काही घडलं आणि फुटेज द्यायची वेळ आली तर पाच मिनिटांचा फरक फार नडतो, दुसऱ्या कॅमेऱ्याशी किंवा फोन कॉलच्या वेळेशी जुळवताना तर जास्तच. रेकॉर्डर वेळ एनटीपीने, म्हणजे नेटवरून घड्याळ जुळवायच्या पद्धतीने, घेतो, यूडीपी १२३ पोर्टवर. तुमच्या राउटरमध्ये एनटीपी सर्व्हर व्हायची सोय असेल तर उत्तम, रेकॉर्डरच्या एनटीपीच्या रकान्यात राउटरचाच घरातला पत्ता टाका, बाहेर जायची गरजच संपली. ती सोय नसेल आणि राउटर थोडा बरा असेल तर त्या रेकॉर्डरला फक्त यूडीपी १२३ बाहेर जाऊ द्या, बाकी सगळं बंद. तेही जमत नसेल तर महिन्यातून एकदा मोबाईलचं घड्याळ समोर ठेवून हाताने लावा, आणि टाइम झोनच्या जागेत डेलाइट सेव्हिंगची खूण चुकून चालू नाही ना तेवढं बघा, तुमच्याकडे ती पद्धत नसेल तर त्याने अख्ख्या तासाचा घोळ होतो.

वेळ पुढे घेताना काही नाही, पण मागे घेताना तेवढ्या मिनिटांचं रेकॉर्डिंग एकावर एक येतं आणि प्लेबॅकमध्ये गोंधळ होतो, काही मॉडेल तर आधीचा तुकडा दाखवतच नाहीत, म्हणून बदलण्याआधी हवं असलेलं काही त्या वेळेतलं असेल तर ते पेन ड्राइव्हवर काढून घ्या.